नारिंगी टोपी: सत्तरीच्या रानात वर्षभर कसं फिरावं

आमच्या पडवीतल्या खुंटीला एक नारिंगी टोपी टांगलेली असते. रस्त्याचं काम करणाऱ्यांच्या जाकिटाला असतो तसला, डोळ्यांत घुसणारा नारिंगी. आल्यागेल्याला वाटतं, माझ्या नोकरीतली असेल. मी वीज खात्यात लाईनमन होतो, ३४ वर्षं गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या खांबांवर चढलो, तेव्हा तसं वाटणं साहजिक आहे. पण टोपी भाच्याची. तो अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात असतो, नोव्हेंबरात ऑफिसातल्या मित्रांबरोबर हरणाच्या शिकारीला जातो. दोन वर्षांमागे जूनमध्ये आला तो ही टोपी घालूनच वाळपईच्या बसस्टँडवर उतरला. सगळा स्टँड वळून बघत होता.

तिकडची शिकार म्हणजे आपल्या डोक्यात असते तशी नाही. थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी बंदुकीचा हंगाम उघडतो आणि नऊ दिवसांत संपतो. १ जानेवारी १९७३ किंवा त्यानंतर जन्मलेल्याला आधी शिकारीच्या शिक्षणाचा दाखला दाखवावा लागतो. कंबरेच्या वर अंगावर निम्मा तरी असा भडक नारिंगी नाही तर गुलाबी रंग लागतो. टोपी घातलीच तर तीही त्याच नियमातली. हरीण पडलं की दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत त्याची नोंद. मी विचारलं, “आरे, पण एवढी भडक टोपी बघून हरीण पळत नाही?” तर म्हणाला, “मामा, हरणाच्या डोळ्याला तांबडा-नारिंगी वेगळा ओळखताच येत नाही. त्याला ही टोपी मळकट दिसते. दिसते ती दुसऱ्या शिकाऱ्याला.” ही गोष्ट मला फार आवडली.

मग त्याने विचारलं, “तुमच्याकडे सीझन कधी?” आमच्याकडे सीझन नाही. वन्यजीव कायदा १९७२ चा, आणि १९९१ च्या दुरुस्तीने परवाना काढून केलेली शिकारही बंद झाली. माझ्या आजोबांकडे ठासणीची बंदूक होती, शेतराखणीच्या परवान्यावरची. निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा करायची, झाली की परत आणायची. आजोबा गेल्यावर वडिलांनी ती एकदा जमा केली आणि परत आणली नाही. पण आजोबांबरोबर मी आठ-दहा वर्षांचा असल्यापासून रानात जायचो आणि एवढं कळलं की रात्रभराच्या शिकारीत बंदुकीचं काम एका क्षणाचं. बाकी सगळं म्हणजे कधी जायचं, कुठे बसायचं, वारा कुठून येतो, काय उचलायचं आणि काय तसंच ठेवायचं. ते अजून करता येतं आणि त्याला परवाना लागत नाही. भाचा म्हणाला, लिहून ठेवा. म्हणून हे लिहिलं.

एक गोष्ट आधीच. म्हादई अभयारण्य १९९९ पासून आहे, २०८ चौरस किलोमीटर, म्हणजे सत्तरीतलं निम्मंअर्धं रान. त्यात परवानगीशिवाय शिरायचं नाही आणि आतलं काही उचलायचं नाही, अळमी म्हणजे रानातली आळंबीसुद्धा. मी खाली सांगतोय ते आपल्या भाटातलं म्हणजे बागायतीतलं, गावच्या डोंगरातलं, ओहळाकाठचं. दुसऱ्याचं भाट असेल तर भाटकाराला विचारून. विचारलं की बहुतेक कोणी नाही म्हणत नाही.

मिरग

आमचं वर्ष मिरगाला सुरू होतं, ७-८ जूनच्या सुमारास. पहिला जोराचा पाऊस पडला की त्या रात्री अख्खा गाव बॅटऱ्या घेऊन बाहेर पडतो. ओहळाला तांबडं पाणी आलेलं असतं आणि मासे त्या पाण्याविरुद्ध वर चढतात, शेतांत, चरांत, जिथे एरवी घोटाभर पाणी नसतं तिथे. चढणीचे मासे. ते अंडी घालायला चढतात हे लक्षात ठेवायचं. जाळीने सरसकट उपसले तर पुढच्या वर्षी ओहळ रिकामा. आम्ही दोन वेळच्या आमटीपुरते धरतो, आणि पोट फुगलेला मासा हाताला लागला की परत सोडतो. बायको म्हणते, त्यातच चव असते. असेल.

कुर्ल्या धरताना पोटाखाली बघा. कुर्लीला उलटी केली की पोटावर एक झाकण दिसतं. अरुंद, टोकदार असेल तर नर. रुंद, गोलसर असेल तर मादी. मादीचं झाकण हळूच उचललं की कधी आत अंडी असतात, कधी तांदळाच्या कणीएवढी पिलंच पिलं, सगळी जिवंत, वळवळणारी. नातीला दाखवलं तेव्हा ती ओरडली आणि मग तासभर तिथून हलेना. पिलंवाली मादी सोडायची. आणि कुर्ली नीट शिजवून खायची. कच्चट राहिली तर तिच्यातून फुप्फुसात जंत जातात.

त्याच रात्री शेतात मोठे बेबे ओरडतात. बेबे म्हणजे बेडूक; त्या दिवसांत नर पिवळेजर्द होतात आणि गालांजवळ निळे फुगे फुगवतात. डोळ्यावर बॅटरी मारली की जागच्या जागी थिजतात, म्हणून धरणाऱ्याला काही कसब लागत नाही. हॉटेलात ‘जंपिंग चिकन’ या नावाने ते ताटात येतात. हा गुन्हा आहे, तुरुंगाचा. कायदा बाजूला ठेवला तरी वर्षातल्या त्या दोन-चार रात्रीच त्यांच्या विणीच्या असतात. मी तरुणपणी खाल्ले आहेत, खोटं कशाला बोलू. आता बसून ऐकतो.

पावसात रानात जाताना पायात रबरी बूट, हातात काठी आणि खिशात मिठाची पुरचुंडी. मीठ जळवांसाठी. मोज्यांवर तंबाखूचं पाणी शिंपडलं तर जळू चढायला नाखूश असते, पण चढणारी चढतेच. ओढून काढू नका, नखाने तोंडाकडून सरकवा. रक्त बराच वेळ वाहतं, त्याला घाबरायचं कारण नाही.

सापाचं मात्र नीट वाचा. कातळाच्या सड्यावर, दगडाखाली फुरसं. शेताच्या बांधावर घोणस. घराजवळ नाग आणि रात्री मण्यार. हे चार आपण ओळखतो, आणि आपल्याकडच्या सरकारी इस्पितळांत मिळणारं प्रतिविष या चौघांवरचं असतं. पावसात आणखी एक बघायचा तो चापडा. झुडपावर, माणसाच्या हाताच्या उंचीला, फांदीसारखा पडून असतो. हिरवा, तपकिरी, पिवळा, कसलाही. त्याच्यावर ते प्रतिविष चालत नाही. म्हणून झुडूप हाताने बाजूला करायचं नाही, काठीने करायचं. कोणताही साप चावला तरी कापायचं नाही, करकचून बांधायचं नाही. हात-पाय हलू न देता १०८ ला फोन. आमच्या वाड्यावर रेंज कुठे मिळते ते प्रत्येक पोराला ठाऊक आहे: फणसाखाली, देवळामागे, आणि सांकवाच्या मधोमध. तुमच्या वाड्यावरची जागा पावसाच्या आधी शोधून ठेवा.

आणि पाणी चढलं की ओहळ ओलांडायचा नाही. वर चोर्ला घाटात पडलेला पाऊस आपल्याला दिसत नाही, त्याचं पाणी दिसतं. २३ जुलै २०२१ ला म्हादई चढली तेव्हा ज्यांनी जन्म नदीकाठी काढला त्यांच्याही घरांत पाणी शिरलं.

रोयणीची अळमी

आता ज्यासाठी भाचा जूनमध्ये येतो ते.

रोयण म्हणजे वारूळ. आपली खरी अळमी रोयणीवर किंवा तिच्या आसपासच उगवते, कारण ती वाळवीने लावलेली असते. वाळवी पालापाचोळा आत नेते, चावून त्याची मऊ पोळी करते आणि त्या पोळीवर बुरशी वाढवते. ती बुरशी म्हणजे वाळवीची शेती. पावसात त्या शेतातून जमिनीच्या वर जे डोकं काढतं ती अळमी. म्हणून ती कोणाला घरी पेरता येत नाही. पुष्कळांनी प्रयत्न केले.

पाऊस सुरू होऊन दोन-तीन आठवडे झाले, गडगडाट झाला आणि मध्ये थोडं ऊन पडलं की पहाटे निघायचं. आदल्या वर्षीच्या जागा आधी बघायच्या. अळमी जागा बदलत नाही. म्हणून जागा कोणी कोणाला सांगत नाही. माझ्या शेजाऱ्याशी माझं चाळीस वर्षांचं सख्य आहे, त्याच्या मुलीच्या लग्नात मी पंगत वाढली, पण तो सकाळी पिशवी घेऊन कुठे वळतो ते मला ठाऊक नाही. भाचा म्हणतो, विस्कॉन्सिनमध्येही मे महिन्यात मेलेल्या एल्म झाडांखाली मोरेल नावाची अळमी येते आणि तिथेही अगदी हाच प्रकार. लोक गाडी भलतीकडे लावून चालत जातात.

ओळखायची कशी? उपटली की देठाखाली मुळासारखी लांब शेपटी जमिनीत गेलेली दिसते, थेट वाळवीच्या घरापर्यंत. देठाच्या बुडाला पिशवी किंवा कप नसतो. छत्रीच्या मध्यावर एक टोक असतं, बोंडासारखं. खालचे कल्ले आधी पांढरे, मग किंचित गुलाबट. शिती अळमी बारीक असते, शितं सांडल्यासारखी शेकड्यांनी उगवते. ती वाळवीने बाहेर टाकलेल्या पोळीच्या भुग्यावर येते, म्हणून तिला तशी शेपटी नसते. ती एखाद्या जाणत्याने दाखवल्याशिवाय घेऊ नका. अंगणातल्या गवतात मोठी, पांढरी, देखणी छत्री उगवली आणि कल्ले हिरवट होत असतील तर हात लावू नका. तिने उलट्या-जुलाबाने माणूस आडवा होतो. बुडाला पिशवी आणि देठाला कडं असलेली तर त्याहून वाईट. तिचं विष सहा-बारा तासांनी चढतं, तोवर माणूस पोटभर जेवून झोपलेला असतो. चांदीचं नाणं काळं पडतं, लसूण निळी होते, किड्याने खाल्ली म्हणजे चांगली, हे सगळं खोटं. किड्याचं पोट वेगळं, आपलं वेगळं. शंका आली की टाका. खाऊन त्रास झाला तर उरलेली अळमी कागदात गुंडाळून डॉक्टरकडे न्या, त्यांना तेवढा आधार होतो.

पहिली दोन-तीन वर्षं एकट्याने वेचू नका. माझं हे सगळं सांगणं वाचून तर मुळीच वेचू नका. कोणा जाणत्या बाईबरोबर जा. पुरुषांपेक्षा बायकांना जास्त कळतं, निदान आमच्याकडे.

काढायची ती देठाला धरून, हलकेच पिळून. खणायचं नाही. हे मी चुकून शिकलो. अठरा-एकोणीस वर्षांचा असेन. काजूच्या भाटात एका रोयणीवर इतकी अळमी आली होती की जमीन पांढरी दिसत होती. शेपटीसकट काढली तर वजन जास्त भरेल असं डोक्यात आलं आणि मी कुदळ मारली. रोयण आतून फुटली. आत अक्रोडाच्या गाभ्यासारख्या पोळ्या होत्या, तपकिरी, ओलसर, त्यांवर पांढरे बारीक ठिपके आणि सैरावैरा पळणारी वाळवी. वास अगदी अळमीचाच. मी पिशवी भरून घरी आलो, खूश होतो. आजीने पिशवीत मातीसकट पोळी बघितली आणि एवढंच म्हणाली, “रोयण मोडली मरे?” त्या दिवशी तिने अळमी शिजवली, वाढली, पण स्वतः खाल्ली नाही. पुढच्या वर्षी तिथे काही आलं नाही. त्याच्या पुढच्याही नाही. आता तिथे विजेचा खांब आहे, तो मीच उभा केलेला.

सगळी काढायची नाहीत. ज्यांची छत्री पुरती उघडून सपाट झालीय ती तशीच ठेवायची, त्यांचा बी आता उडणार असतो. खायलाही ती मऊ पडलेली असतात. चांगली ती अर्धी मिटलेली. प्लॅस्टिकच्या पिशवीत घातली की घामेजतात आणि दुपारपर्यंत काळी पडतात. पानांत बांधा किंवा टोपलीत न्या.

घरी आणल्यावर देठाची माती सुरीने खरवडायची, मग दोन-तीन पाण्यांत घोळवायची, पण भिजत ठेवायची नाही. मोठी हाताने उभी चिरायची. बायको शाकुती करते: खोबरं, धणे, खसखस, मिरी, सुकी मिरची, सगळं भाजून वाटलेलं. मी सांगेन, पहिल्या दिवशी शाकुती करूच नका. कांदा, हिरवी मिरची, थोडी हळद, खोबरेल, शेवटी ओलं खोबरं. अळमीची चव अळमीला राहू द्या. मसाला दुसऱ्या दिवशीच्या अळमीला.

चवथीपर्यंत

पावसातली भाजी प्रत्येक घरात माहीत असते, म्हणून थोडक्यात. तायकिळो म्हणजे टाकळा, तो कोवळा असताना, पहिल्या पावसानंतर. फागलां म्हणजे कर्टोली, ती वेलीवर दिसली की लगेच, दोन दिवसांनी ती पिकून फुटतात. तेरं आणि अळू आंबटाशिवाय शिजवायचं नाही, नाही तर घसा खवखवतो; सोलं म्हणजे आमसुलं घाला. बांबूचं किल्ल म्हणजे कोवळा कोंब बारीक चिरून रात्रभर पाण्यात ठेवायचं, पाणी फेकायचं आणि मग उकडायचं. कच्चं खाल्लं तर विषारी. समुद्राची मासळी १ जून ते ३१ जुलै ट्रॉलरबंदीमुळे कमीच असते, त्यामुळे या भाज्यांना तसाही मान असतो.

चवथीच्या आधी माटोळीचं सामान. गणपतीच्या डोक्यावर जी लाकडी चौकट टांगतो तिला रानातली फळं, फुलं, घोस बांधायचे. आमच्याकडे ते बाजारातून आणणं कमीपणाचं मानतात, निदान म्हातारी माणसं तरी. कांगलां, घागऱ्यो, कवंडाळ, सुपारीचे घोस, नागुलकुड्याची जोडफळं. वेल मुळापासून ओढू नका, फळाचा झुबका कोयत्याने कापा आणि प्रत्येक वेलीवर अर्धे ठेवा. कवंडाळ लालभडक दिसतं म्हणून पोरं तोंडात घालतात. ते विषारी आहे, उंच बांधा. देवराईतलं माटोळीलाही घ्यायचं नाही. केरीची आजोबाची राय असो की बांबरची निरंकाराची, तिथलं वाळकं पानही तिथेच.

भात पिकतं तेव्हा

ऑक्टोबरात पाऊस सरला की रानातलं सगळं खाली उतरतं. भात पिकलेलं असतं आणि रानडुकरांना, गव्यांना ते कळतं. पूर्वी शेतात माळा बांधून राखण बसायची. मी अजून वर्षाला दोन-तीन रात्री बसतो, भात माझं असो नसो.

बसायचं कसं ते आजोबांनी शिकवलं. अंधार पडण्याच्या तासभर आधी जागेवर जायचं, नंतर नाही. खिशात चुलीतली राख ठेवायची. चिमूटभर सोडली की वारा कुठे जातो ते दिसतं. वारा आपल्याकडून शेताकडे जात असेल तर जागा बदलायची, कारण जनावराला आपण दिसण्याआधी आपला वास लागतो. अत्तर, तंबाखू, डासाची उदबत्ती काही नको. मग हलायचं नाही. पहिली पंधरा मिनिटं माणसाला खाज सुटते. ती जाते. अर्ध्या तासाने पाखरं आपल्याला विसरतात, तासाने रान विसरतं. भेकर कुत्र्यासारखं भुंकायला लागलं आणि थांबेना, तर समजा बिबटा चाललाय. भेकर कुठे तोंड करून भुंकतंय तिकडे बघा.

सकाळी बांधावरचा चिखल वाचायचा. कुत्र्याच्या पावलात नखं उमटतात, बिबट्याच्या नाही. गव्याचा खूर बैलासारखाच, पण मोठा. अस्वलाचं मागचं पाऊल बघून पहिल्यांदा वाटतं अनवाणी माणूस गेला, मग पुढे नखांच्या रेघा दिसतात. वाघाचं पाऊल मी दोनदाच पाहिलंय. दुसऱ्यांदा पाहिलं त्यानंतर काही महिन्यांनी, जानेवारी २०२० मध्ये, गोळावलीत चार वाघ मेलेले सापडले, विषाने. वाघाला देव मानून, वाघ्रो म्हणून ज्याला नारळ ठेवतो त्याच तालुक्यात.

गवा समोर आला तर हॉर्न नाही, दगड नाही, फोटो नाही. तो बघत राहतो, आपण तिरकं, हळू मागे व्हायचं. राज्यप्राणी आहे तो, त्याला घाई नसते.

याच दिवसांतला खरा धोका जनावराचा नसून तारेचा असतो. एका वर्षी दिवाळीच्या आसपास एका वाड्यावरचा फ्यूज रोज रात्री दोनच्या सुमाराला जायचा. मी सकाळी बदलायचा, रात्री परत जायचा. चौथ्या दिवशी लाईनखालून चालत गेलो. एका खांबावर आकडा टाकलेला होता आणि तिथून एक बारीक जी.आय. तार खाली उतरून भाताच्या कडेने गेली होती, गुडघ्याच्या उंचीला, बांबूच्या खुंट्यांवर. खुंटीला तार टेकते तिथे सायकलच्या ट्यूबचे तुकडे गुंडाळलेले. काम नीटनेटकं होतं, माझ्याच खात्यात शोभलं असतं. पन्नास पावलांवर डुक्कर पडलेलं, पलीकडे कोणाचा तरी बैल. बैलाच्या गळ्यात घुंगुरमाळ होती. मी त्या तारेपासून दोन पावलांवर उभा होतो आणि फ्यूज मी तासाभरापूर्वीच घातला होता.

म्हणून शेताकडेने, अंधारात, नवीन वाटेने जायचं नाही. खुंट्यांवरची तार दिसली की हात नाही, काठीही नाही. मागे फिरा आणि वीज खात्याला व वनखात्याला कळवा. गाडीच्या क्लच-वायरचे फास झाडाच्या बुंध्याला, जनावराच्या वाटेवर असतात. ते दिसले तर जागा लक्षात ठेवून वनरक्षकाला दाखवा.

टोपीचा पहिला खरा उपयोग मला इथे कळला. चोरून शिकार करणारे अजून आहेत, डोक्याला बॅटरी बांधून झुडपात डोळे चमकले की बार काढतात. झुडपात भेकरही असतं आणि पहाटे परसाकडे निघालेला माणूसही. नारिंगी टोपी जनावराला मळकट दिसते, माणसाला लांबून ओरडून सांगते. आता मी दिवसाउजेडीही ती घालतो. लोक हसतात. दोघांनी मागून घेतल्या.

डिसेंबर-जानेवारीत धुकं, कोरडी पायवाट आणि नदीचं पाणी इतकं नितळ की तळ दिसतो. चालायचं ते याच दिवसांत. काठच्या गाळावर पुरण शेती करणारी थोडी माणसं उरली आहेत, भेटली तर बोलत बसा. मला याहून जास्त सांगायचं नाही. या महिन्यात कोणीही रानात जाऊ शकतो.

काजू

फेब्रुवारीपासून मेपर्यंत सगळं गाव काजूच्या भाटात. बोंडू म्हणजे काजूची फळं वेचायची, बिया पिळून वेगळ्या करायच्या, बोंडू तुडवायचे, नीरो म्हणजे रस गाळायचा, भाटी लावायची, हुर्राक म्हणजे काजूची दारू काढायची. ते तुम्हाला तिथले लोक माझ्यापेक्षा चांगलं सांगतील. मी गोचिडीबद्दल सांगतो.

माकडताप कर्नाटकात शिमोग्याच्या क्यासनूर रानात १९५७ मध्ये पहिल्यांदा ओळखला गेला, आणि आमच्या सत्तरीत पाली गावात २०१५ मध्ये आला. नेमका काजूच्या हंगामात, कारण सुक्या पाल्यातल्या बारीक गोचिडी तेव्हाच अंगावर चढतात. तिळाएवढ्या असतात, चढल्याचं कळत नाही. मला २०१६ च्या मार्चात झाला. दुपारी बरा होतो, संध्याकाळी डोकं फुटेल असा ताप आणि कंबर अशी की कुशीवर वळवेना. पहिल्या दवाखान्यात साधा ताप म्हणून गोळ्या दिल्या. मीही काजूच्या भाटात होतो हे सांगितलं नाही, त्यांनीही विचारलं नाही. चार दिवस गेले. वाचलो, पण ताकद यायला पावसाळा उजाडला. तुम्ही सांगा. तापाच्या आधीच्या आठवड्यात रानात होतो, हे पहिलं वाक्य.

भाचा म्हणतो, तिकडे हरणाच्या गोचिडीने लाइम नावाचा रोग होतो, म्हणून रानातून आल्यावर घरात शिरण्याआधी सगळं अंग तपासायची त्यांना सवय असते. ती सवय मी उचलली. लांब बाह्या, विजार मोज्यात खोचलेली, फिकट रंगाचे कपडे, म्हणजे गोचीड दिसते. आरोग्य केंद्रात अंगाला लावायचं तेल मिळतं, ते उघड्या कातडीला लावायचं. पाल्यावर बसायचं नाही, झोपायचं तर मुळीच नाही. आल्यावर कपडे अंगणातच उतरवून गरम पाण्यात टाकायचे, अंघोळ करायची आणि काखा, जांघा, कानामागे, गुडघ्यामागे बघायचं. गोचीड चिकटली असेल तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायची. रॉकेल, विडीचा चटका काही नको.

माकड किंवा वानर मेलेलं दिसलं तर जवळ जायचं नाही. ते मेलं की त्याच्या अंगावरच्या गोचिडी उतरून आजूबाजूला पसरतात. आरोग्य केंद्राला आणि वनखात्याला लगेच कळवायचं आणि ती वाट सोडून द्यायची.

विडी-काडी भाटात नेऊ नका. पाला जाळून भाट साफ करायची सवय तर सोडाच. मार्च २०२३ मध्ये म्हादईचं रान दिवसचे दिवस जळत होतं, नौदलाची हेलिकॉप्टरं वरून पाणी ओतत होती, आणि आम्ही खाली झाडांच्या फांद्यांनी आग झोडपत होतो.

याच महिन्यांत धनेशाची मादी झाडाच्या ढोलीत स्वतःला बंद करून घेते, एक फट ठेवून. नर त्या फटीतून फळं भरवतो. तो पंखांचा भाता फुंकल्यासारखा आवाज करत एकाच झाडाकडे पुन्हा पुन्हा येताना दिसला तर त्या झाडाखाली थांबू नका, लांबून बघा. नर बिचकून आला नाही तर आतली उपाशी. चुर्णां, कांटां, जांभळां पिकतात ती अस्वलालाही आवडतात, म्हणून जांभळीखाली जाताना बोलत, खोकत जा. अचानक गाठ पडलेलं अस्वल वाघापेक्षा वाईट. मेच्या शेवटी भिरंडांची म्हणजे कोकमांची सालं उन्हात घातली की आभाळाकडे बघायला लागायचं.

टोपी धुवायची ती हाताने, साध्या साबणाने, आणि सावलीत वाळवायची. उन्हात हा रंग भराभर उडतो. माझ्या टोपीची एक बाजू उडालीच आहे. येत्या जूनमध्ये भाचा दुसरी आणतो म्हणालाय. मी त्याला अळमी राखून ठेवतो म्हटलंय. कुठल्या रोयणीवरची, ते अजून सांगितलेलं नाही.